टॉवरचा अर्ज आणि कुलूपबंद मैदान

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही दिवसांत आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मोबाइल टॉवरच्या किरणांविषयी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतून तीन-चार पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतल्या दोन पत्रांत गावाजवळचा टॉवर हटवावा अशी मागणी होती, तर एका पत्रात असे म्हटले होते की, रोज अर्धा तास व्यायाम केला की मोबाइलचे रेडिएशन घामावाटे शरीराबाहेर पडते आणि मेंदू सुरक्षित राहतो. मी खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. या दोन्ही म्हणण्यांवर मला सविस्तर लिहायचे आहे. मात्र टॉवरविरोधी अर्जावर सही करणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावात शाळेच्या मागच्या पडीक जागेत टॉवर उभारायचे ठरले. पंचायतीच्या फलकावर त्याची नोटीस लागली ती फक्त कन्नडमध्ये. तरुण पोरांनी ती वाचली, पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बहुतेक बायकांना ती वाचता आली नाही, आणि जे वाचता येत नाही त्याचा अर्थ देवळाच्या पायरीवर बसून लावला जातो, तसा तो लावला गेला. दोन दिवसांत टॉवर म्हणजे डोक्यात गाठ, हे समीकरण गावभर झाले. त्याच सुमारास शेजारच्या गावातली एक तरुण बाई मेंदूतल्या गाठीने गेली होती. त्या गावात टॉवर उभा राहून जेमतेम आठ महिने झाले होते, आणि कोणत्याही घातक संपर्कातून कॅन्सर घडून तो लक्षात येईपर्यंत साधारणपणे कित्येक वर्षे जातात हे मी वर्गात शिकवत आलो होतो. तरीही त्या घरच्या दुःखापुढे ते बोलून दाखवायला माझी जीभ रेटली नाही. देवळाच्या मंडपात अर्ज ठेवला होता. माझ्या आधी सही करणाऱ्या गृहस्थांच्या तोंडात तंबाखूचा बार भरलेला होता, त्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी खुणेनेच पेन माझ्या हातात दिले आणि मीही निमूटपणे सही केली. त्या तंबाखूकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

अर्जाचा परिणाम झाला. टॉवर शाळेमागे न होता दोन किलोमीटरवरच्या माळावर झाला आणि गावाने सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर आजतागायत आमच्या घरात रेंजची एकच काडी दिसते, पावसाळ्यात तीही जाते. शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे. त्याचा फोन आला की काकू पदर खोचून घरामागच्या बांधावर चढतात, फोन कानावर घट्ट दाबतात आणि रेंज तुटेल या भीतीने हलत नाहीत. अर्धा-पाऊण तास हे चालते. आता मोबाइल कसा चालतो ते पाहा. हातातला फोन हा नुसता ऐकणारा नाही, तोही टॉवरकडे लहरी पाठवत असतो, आणि टॉवर जवळ असेल तर तो स्वतःची ताकद शेकडो पटींनी खाली आणतो. टॉवर लांब गेला, मध्ये डोंगर किंवा जाड भिंती आल्या, की तोच फोन जोर लावून, जवळजवळ ओरडून बोलावे तसा, पूर्ण ताकदीने लहरी फेकू लागतो. जुना टू-जी फोन अशा वेळी क्षणापुरती दोन वॅटपर्यंत ताकद लावतो, फोर-जीचा फोन सुमारे पाव वॅटच्या आत राहतो. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई उरते. शेकडो मीटरवरच्या टॉवरपेक्षा कानाला चिकटलेल्या फोनमधून डोक्याला पुष्कळच अधिक ऊर्जा पोचते, ती या हिशेबाने. त्यामुळे टॉवर माळावर घालवून आम्ही गावाच्या डोक्यावरचे रेडिएशन कमी केले असे जे समजत होतो, ते प्रत्यक्षात काकूंच्या कानापाशी वाढवून ठेवले. माझ्या सहीचा त्यात वाटा आहे.

रेडिएशन हा शब्दच मुळात आपल्याकडे घात करतो, कारण तो उच्चारला की एक्स-रे, अणुभट्टी, हिरोशिमा असे सगळे एकदम डोळ्यांसमोर येते. एक्स-रे किंवा गामा किरणांच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की तो अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतो आणि त्यातून पेशीतला डीएनए तुटू शकतो. मोबाइलच्या लहरींच्या कणात त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी ऊर्जा असते. घरातल्या दिव्याच्या प्रकाशाचा कणसुद्धा तिच्याहून लाखाहून अधिक पटींनी बलवान असतो. या लहरींचा शरीरावर निश्चितपणे ठाऊक असलेला परिणाम एकच, तो म्हणजे किंचित उष्णता. मर्यादा ठरवल्या जातात त्याही ही उष्णता धरून आणि तिच्यापासून पुष्कळ अंतर राखून. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची मर्यादा दर किलो ऊतीमागे १.६ वॅट आहे आणि ती कोणत्याही एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजली जाते. टॉवरसाठी तर त्याच दिवसापासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच पातळी ठेवली गेली. बराच वेळ बोलल्यावर कान गरम होतो हे खरे, पण तो मुख्यतः तापलेल्या बॅटरीने आणि कानावर दाबून धरलेल्या वस्तूमुळे वारा न लागल्याने गरम होतो. आषाढातल्या पावसात कांबळ्याच्या खोळीत शिरले की कान जितका गरम होतो, त्याहून हे फार वेगळे नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइलला कॅन्सरच्या यादीत घातले त्याचे काय, असा प्रश्न आपल्या एका पत्रलेखकाने विचारला आहे, आणि तो रास्त आहे. संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये फ्रान्समधल्या लिओं येथे तज्ज्ञांची बैठक घेऊन या लहरींना ‘२ ब’ या गटात ठेवले. या गटाचा अर्थ ‘कॅन्सरकारक असण्याची शक्यता आहे’ इतकाच. म्हणजे पुरावा तोकडा आहे, पण विषय अजून बंद करण्यासारखा नाही. त्याच गटात पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या आहेत आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. याउलट ज्याच्याविषयी शंका उरलेली नाही असा पहिला गट आहे, आणि त्यात तंबाखू आहे, ओढायची आणि खायचीही. सुपारीदेखील आहे, ती तंबाखूशिवाय खाल्ली तरी. निपाणी भागात तंबाखूवर कित्येक पिढ्यांचे पोट चालले, त्या कष्टकऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण तोंडात पहिल्या गटातला पदार्थ ठेवून ‘२ ब’ गटातल्या गोष्टीविरुद्ध अर्जावर सही करणारे ते गृहस्थ आणि त्यांच्या हातून पेन घेणारा मी, हे चित्र आठवले की मला आजही थोडे हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

२०११ च्या त्या निर्णयामागे जो अभ्यास मुख्यत्वे होता तो तेरा देशांत मिळून झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला ‘इंटरफोन’ अभ्यास होय. मेंदूची गाठ झालेल्या आणि न झालेल्या लोकांना त्यांच्या फोनवापराच्या आठवणी विचारून तो करण्यात आला. एकूणात धोका वाढलेला दिसला नाही. मात्र आयुष्यात १६४० तासांहून अधिक बोललेल्या, म्हणजे सर्वांत जास्त बोलणाऱ्या एक दशांश लोकांच्या गटात ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसले. रोजचा अर्धा तास धरला तर १६४० तास म्हणजे नऊ वर्षांचे बोलणे. हा आकडा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात, पण त्याच अभ्यासात नेहमी फोन वापरणाऱ्यांत ही गाठ न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली होती, हे क्वचितच कोणी सांगतो. मोबाइल मेंदूचे रक्षण करतो असे तर कोणी म्हणणार नाही. तेव्हा दोन्ही आकड्यांत आठवणींचा आणि कोण अभ्यासात यायला तयार झाला याचा दोष मिसळला आहे, असाच अर्थ अभ्यासकांनी लावला. ज्याला गाठ झाली आहे तो माणूस आपण फोनवर किती बोललो हे आठवताना कसा आठवेल, याचा आपणच विचार करावा.

हा दोष टाळायचा तर निरोगी माणसे आधी निवडून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि तसेही झाले आहे. ब्रिटनमधल्या सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांची चौदा वर्षांच्या आसपासची नोंद पाहून २०२२ साली जे निष्कर्ष आले, त्यांत रोज फोन वापरणाऱ्या आणि कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या गाठीचे प्रमाण वेगळे नव्हते. युरोपात अडीच लाखांहून अधिक लोकांवर चाललेल्या ‘कॉसमॉस’ अभ्यासाने २०२४ मध्ये तेच सांगितले. दहा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी चौदा देशांत वेगळा अभ्यास झाला, त्यात भारतही होता, आणि त्यातही धोका वाढल्याचे आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानेही फोनचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून अधिक वापरणाऱ्यांतही दिसत नाही, असे म्हटले. विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत २०१८ साली पूर्ण झालेल्या प्रयोगात नर उंदरांना दोन वर्षे रोज नऊ तास साऱ्या अंगावर या लहरी दिल्या, तेव्हा त्यांतल्या काहींच्या हृदयातल्या मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत गाठी आढळल्या. त्याच प्रयोगात लहरी मिळालेले नर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही आढळले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नोरा व्होल्कोव्ह यांनी ४७ निरोगी लोकांच्या कानाला ५० मिनिटे चालू फोन लावून पाहिले, तर फोनच्या अँटेनाजवळच्या मेंदूच्या भागात साखरेचा वापर ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. याचा आरोग्यावर चांगला-वाईट काही परिणाम होतो असा दावा त्यांनी स्वतःही केला नाही. म्हणून मी असे म्हणणार नाही की प्रश्नच नाही. परंतु गावोगाव अर्ज करून शाळेतली पोरे उन्हात बसवून घोषणा द्यायला लावण्याइतका आधार या पुराव्यात मला दिसत नाही. २०१२ साली राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि इस्पितळांच्या आवारातले टॉवर हटवण्याचा आदेश दिला होता, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. तो सावधगिरीचा आदेश होता, त्याने रोग सिद्ध होत नाही.

आता घामाकडे वळतो. व्यायामाने रेडिएशन बाहेर पडते, हे म्हणणे ज्या पत्रात आले त्याचे लेखक सद्हेतूनेच लिहीत असावेत, पण त्यात मुळात बाहेर पडण्यासारखे काही नसते. दिवा मालवल्यावर खोलीत जसा प्रकाश साठून राहत नाही, तसा फोन बंद केल्यावर या लहरींचा अंशही शरीरात राहत नाही. जी काही थोडी उष्णता झाली असेल ती रक्तप्रवाह लगेच वाहून नेतो. या गैरसमजावर धंदाही चालतो. गेल्या वर्षी आठवडी बाजारात एक माणूस फोनच्या पाठीला चिकटवायची सोनेरी चकती विकत होता; ती रेडिएशन शोषून घेते, डोकेदुखी जाते आणि झोप लागते असे तो सांगत होता. माझ्या सुनेने साडेतीनशे रुपयांना दोन घेतल्या. चकती खरोखरच लहरी अडवणारी असती, तर अडखळणारा फोन आणखी जोराने लहरी फेकू लागला असता, हे मी तिला घरी आल्यावर समजावले. पण साडेतीनशे रुपये देऊन घेतलेली वस्तू कोणी काढून टाकत नाही, त्यामुळे एक चकती अजून तिच्या फोनवर आहे आणि दुसरी नातवाने पाटीवर चिकटवली आहे.

व्यायामाचे मेंदूवर जे परिणाम होतात ते रेडिएशनशी जोडण्याची गरजच नाही, इतके ते स्वतःच्या बळावर उभे आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि ती ऊर्जा त्याच्यापर्यंत रक्तानेच पोचते. म्हणून हृदय आणि रक्तवाहिन्यांना जे मानवते ते मेंदूलाही मानवते. चालल्याने, धावल्याने रक्तदाब आणि साखर ताब्यात राहते, त्यामुळे पक्षाघाताचा धोका कमी होतो. त्याखेरीज व्यायामाच्या वेळी बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते. मेंदूच्या पेशींची वाढ आणि त्यांची आपसांतली जुळणी यांना ते पोषक असते, एका अर्थी ते मेंदूचे शेणखतच म्हणावे. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत झपझप चालायला लावले आणि निम्म्यांना फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षाच्या शेवटी चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित असलेला छोटासा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि दुसऱ्या गटात तोच भाग १.४ टक्क्यांनी आकसलेला. वयाबरोबर हा भाग दरवर्षी थोडाथोडा आकसतच असतो, म्हणजे चालण्याने एक-दोन वर्षे मागे नेल्यासारखेच झाले. सत्तरीकडे झुकलेल्या माझ्यासारख्याला, ज्याला जुन्या विद्यार्थ्याचा चेहरा आठवतो पण नाव आठवत नाही, हा आकडा कोणत्याही औषधाच्या जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो.

स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आणि ती सगळी हाताळली तर जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांवर परिणाम होऊ शकेल असे म्हटले. शरीराची हालचाल कमी असणे त्यात आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला इजा, ऐकू कमी येणे, एकटेपणा हेही आहेत. मोबाइलच्या लहरी त्या यादीत नाहीत. हालचालीच्या बाबतीत आपला हिशेब चांगला नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे.

खेड्यात राहणाऱ्याला व्यायामाची काय गरज, असे आमच्याकडे अजून म्हटले जाते. ते माझ्या वडिलांच्या काळी खरे होते. आता नांगरट पॉवर टिलरने होते, मळणी यंत्राने होते, पोर शाळेत वडापने जाते आणि दोन फर्लांगांवरच्या शेतात जायलाही दुचाकी काढली जाते. भाताच्या लावणीचे आठ-दहा दिवस बायकांची कंबर मोडते हे खरे, पण वर्षाचे बाकीचे दिवस त्यातल्या बऱ्याच जणी फोन हातात घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या मी पाहतो, आणि त्यांचा दोष तरी काय म्हणावा. बाईमाणसाने पहाटे उगाच चालायला निघावे हे आमच्या गावात अजून कोणाच्या पचनी पडत नाही. बेळगाव शहरात व्हॅक्सिन डेपोचे मैदान आहे, किल्ला तलावाचा काठ आहे, तिथे साडीवर बूट घालून फेऱ्या मारणाऱ्या आजीबाई दिसतात आणि कोणी वळून पाहत नाही. गावात तशी जागा नाही. तालीम होती; लाल मातीचा हौदा होता, त्यात दरवर्षी ताक, तेल आणि हळद मिसळली जाई, आणि संध्याकाळी जोर-बैठकांचा आवाज गल्लीपर्यंत येई. आज त्या तालमीत मंडळाच्या गणपतीची आरास आणि ढोल ठेवले आहेत. पहाटे धावताना दिसतात ती फक्त सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे, आणि तीही राज्यरस्त्याच्या कडेने, मालट्रकच्या उजेडात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास मारायचे म्हणून ती जीव तोडून धावतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याचा अभिमान आपण सगळे बाळगतो, पण तिथवर पोचू पाहणाऱ्या या पोरांना धावायला रस्ता सोडून जागा नाही.

मोबाइलपासून मेंदूला जपायचे असेल तर त्याच्या लहरींपेक्षा त्याच्या वापराकडे पाहायला हवे, आणि सर्वांत आधी रस्त्याकडे. आमच्या भागात दुचाकीवाल्यांनी एक युक्ती काढली आहे: बोलता बोलता फोन हेल्मेटमध्ये कानाजवळ खुपसायचा आणि मान एका बाजूला कलती ठेवून घाट उतरायचा. वाहन चालवताना फोनवर बोलणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोक्याला इजा हे स्मृतिभ्रंशाच्या त्या चौदा कारणांतले एक आहे. ती झाल्यावर बऱ्याचदा तिथवर पोचायला माणूस उरतही नाही, हे वेगळे. दुसरी गोष्ट झोपेची. माझा नातू दहावीला आहे, त्याचा फोन रात्री उशीखाली असतो, आणि बारा वाजता त्याच्या पांघरुणाच्या आत निळा उजेड दिसतो. त्याच्या आईला उशीखालच्या रेडिएशनची काळजी आहे. मला त्या उजेडाची आणि गेलेल्या दोन तासांच्या झोपेची आहे, कारण दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. तिसरी गोष्ट इअरफोनची, आणि तिच्यात एक गंमत आहे. इअरफोन लावला की फोन डोक्यापासून लांब जातो आणि लहरी कमी पोचतात, म्हणून मी स्वतः तो वापरतो. पण आवाज पूर्ण वाढवून तो तासन्‌तास कानात ठेवला तर कान बधिर होतात, आणि ऐकू कमी येणे हेही त्या चौदांतलेच एक कारण आहे.

ज्यांची शंका तरीही फिटत नाही, त्यांनी फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबून पाहावे. बहुतेक फोन आपली शोषणाची पातळी पडद्यावर दाखवतात. रेंजची एकच काडी असताना लांब बोलणे टाळावे, बोलायचेच तर स्पीकर लावून फोन हातभर दूर ठेवावा, लहान मुलांना कानाशी धरून तासभर बोलू देऊ नये. गावाजवळच्या टॉवरची पातळी मर्यादेत आहे की नाही हे सांगणारे ‘तरंग संचार’ नावाचे केंद्र सरकारचे संकेतस्थळ २०१७ पासून आहे, आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते. ही माहिती पंचायतीने टॉवरच्या नोटिशीसोबत आम्हाला समजेल अशा मराठीतही लावली असती तर अर्जावर सह्या घेण्याची वेळ आली नसती. कन्नडला त्याने काहीच कमीपणा आला नसता. या विषयात आमच्या पंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, मी लेखी दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

दुसरा अर्ज मी यंदा दिला तो मैदानासाठी. ज्या शाळेमागे टॉवर नको म्हणून आम्ही भांडलो, तिचे मैदान सुट्टीनंतर कुलूपबंद असते. आत जनावरे शिरतात, रात्री पोरे पार्ट्या करतात, ही कुलपाची कारणे मला मान्य आहेत. तरी पहाटे दोन तास ते उघडावे, भरतीच्या पोरांना धावायला आणि बायकांना फेऱ्या मारायला द्यावे, आणि पावसाळ्यात, जेव्हा आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा व्हरांडा सूर्यनमस्कारासाठी मोकळा ठेवावा, एवढीच मागणी होती. टॉवरच्या अर्जावर दोनशे चौदा सह्या होत्या. या अर्जावर एकोणीस झाल्या, आणि त्यांतल्या अकरा भरतीच्या पोरांच्या. शाळेच्या समितीने दोन महिन्यांसाठी परवानगी दिली आहे, अट एवढीच की किल्लीची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. ती मी घेतली आहे. सकाळी साडेपाचला फाटक उघडतो, साडेसातला बंद करतो. पहिल्या आठवड्यात बायकांपैकी एकटी माझी पत्नी आली होती. काल शेजारच्या काकूही आल्या, चार फेऱ्या मारल्या, आणि मैदानाच्या वरच्या कोपऱ्यात रेंजच्या तीन काड्या मिळतात हा शोध त्यांनी लावला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव